आठ वाजताची पूड

सभा रविवारी तीनला होती. धाकटीची नणंद, ताई, पावणेतीनलाच आली, कारण शाळेत मुख्याध्यापिका झाल्यापासून कुठेही पंधरा मिनिटं आधी पोहोचून बाकीच्यांना उशिरा आल्यासारखं वाटायला लावायची तिला सवय लागली होती. तिच्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत बिस्किटं होती. दुसरी निळी, चेनवाली, रिकामी होती. तीन वर्षांच्या मुलीचे कपडे मावतील एवढी.

धाकटीने रिकामी पिशवी पाहिली आणि बिस्किटांबद्दल आभार मानले.

"मुंगी कुठंय?" ताईने विचारलं.

"टेबलाखाली. बटणं तोलतेय."

धाकटीची मुलगी मुंगी खरोखरच टेबलाखाली होती. आबांनी तिला जुन्या सोनारी काट्याची दोन पारडी दोरीला बांधून दिली होती आणि गेला तासभर ती एका पारड्यात बटणं आणि दुसऱ्यात हरभऱ्याएवढा एक दगड ठेवून कुणाला तरी रागावत होती. जमिनीवर सांडलेलं काहीही ती उचलून बिळात न्यावं तसं घेऊन जाई, म्हणून मुंगी.

खाली दुकान आणि वर घर. दुकानात वजनकाटे दुरुस्त होत: बेकऱ्यांचे, टपाल कचेरीचे, सोनारांचे, दवाखान्यात तान्ही बाळं तोलायचे. तीन पिढ्या या घराने लोकांची वजनं बरोबर करून दिली, आणि त्याच घरात धाकटी सून होऊन आली तेव्हा तिचं स्वतःचं वजन एकशे अठरा किलो होतं. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. लग्नानंतर महिन्याभराने आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जेवणाच्या टेबलाजवळच्या तिच्या खुर्चीचे पाय मुकाट्याने बदलून घेतले आणि म्हणाले, "प्रत्येक वस्तूची क्षमता वस्तूवर लिहिलेली असावी. खुर्चीवर नव्हती. चूक खुर्चीची." धाकटीला त्या दिवशी हा माणूस आवडला. अजूनही आवडत होता, म्हणून तर सगळं अवघड झालं होतं.

सात आठवड्यांपूर्वी तिचं पोट लहान करण्याचं ऑपरेशन झालं. आता ती नव्व्याण्णव किलो सहाशे ग्रॅम होती. उतार इतका व्यवस्थित होता की आबा तो आलेखकागदावर काढत आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना, नाव न सांगता, दाखवत.

वजनाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार जिन्याबद्दल होती.

"दहा दिवसांपूर्वी," ताईने चष्मा लावला, "गुरुवारी, ही मुंगीला घेऊन जिन्यात बसली. पाच वाजून दहा मिनिटांपासून सातला पाच कमी असेपर्यंत. वर येईना, खाली जाईना. शेवटी बेकरीवाला काटा न्यायला आला, त्याने दोघींना वर आणलं. बरोबर?"

"एक तास पंचेचाळीस मिनिटं," धाकटी म्हणाली.

"मी पावणेदोन तासच म्हणणार होते."

"मुंगीला मजा वाटली," धाकटीचा नवरा म्हणाला. घरात त्यालाही धाकटाच म्हणत. कुणी भांडायला लागलं की त्याला एखादी चांगली गोष्ट सांगावीशी वाटे, आणि ती नेमकी चुकीची असे.

थोरल्या जावेने चहाचा ट्रे ठेवला. थोरला दीर ट्रक तोलायचा काटा बसवायला परगावी होता, त्यामुळे त्याच्या वाटचं मतही तीच देणार होती. सात आठवडे ती धाकटीसाठी दिवसातून पाच वेळा गाळलेलं सूप करत होती, अर्धी वाटी एका वेळी. ती दमली होती आणि दमल्याचं कुणाला दिसू नये म्हणून जरा जास्तच हसत होती.

"मला तर वाटलं होतं, वजन उतरलं की भीतीही उतरेल," ती म्हणाली. "इतकं खर्चाचं, त्रासाचं ऑपरेशन. मनाला हलकं वाटायला नको का?"

"वाटायला हवं," धाकटी म्हणाली. तिलाही तसंच वाटलं होतं. मुंगी झाली तेव्हापासूनची ती भीती: दार लावलं की नाही, मूल श्वास घेतंय की नाही, गॅस, खिडकी, जिना. पुढे एक डॉक्टरीण मिळाली, एक गोळी मिळाली, आणि दोन वर्षं धाकटी माणसात होती. ऑपरेशननंतर त्या डॉक्टरणीकडे जायचं होतं. तिने फोन करून तारीख एकदा पुढे ढकलली, मग पुन्हा. आणखी दहा किलो उतरू देत, मग जाऊ, डॉक्टरांनाही बरं वाटेल, असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. हे तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मोठ्याने म्हणून पाहिलं तेव्हा ते फारच मूर्खपणाचं वाटलं.

"तर माझं म्हणणं साधं आहे," ताई म्हणाली. "मुंगी माझ्याकडे येईल. फक्त तीन महिने. माझ्या शाळेचाच बालवर्ग आहे, घर मोठं आहे, ह्यांना मुलांची हौस आहे. ही इकडे बरी होईल. कुणाला कमीपणा नाही."

तीन महिने, हे शब्द ऐकून आबांनी कपात पाहिलं. ताई सहा वर्षांची असताना माईंचं, म्हणजे तिच्या आईचं, दुखणं निघालं आणि ताईला आत्याकडे पाठवलं होतं. फक्त तीन महिन्यांसाठी. ती दहाव्या वर्षी परत आली, स्वतःचे कपडे स्वतः घडी घालणारी आणि कुणाच्याही मांडीवर न बसणारी.

"मला काही झालं का?" ताई म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं.

"नाही," आबा म्हणाले.

"मग झालं तर."

धाकटीने टेबलाखाली हात घातला. मुंगीचं डोकं लागलं, केस गरम होते. मुंगीने हात बाजूला केला, कारण तोलताना हात लावायचा नसतो हे तिला आबांनी शिकवलं होतं.

"मी नाही देणार," धाकटी म्हणाली. आवाज बरा निघाला. साडेतीनला तिचा आवाज बरा असे. "ताई, तुमचा हेतू चांगला आहे. पण मी नाही देणार."

"तुझं मत?" ताईने भावाला विचारलं.

धाकट्याने बिस्कीट मोडलं. "थोडे दिवस... म्हणजे हिलाही आराम..."

"माझ्याकडे बघून बोल," धाकटी म्हणाली.

तो बघू शकला नाही. त्याने उठून कपाटावरून एक वही आणली आणि ताईपुढे ठेवली. लाल पुठ्ठ्याची, लांबट, दुकानात काटे तपासताना नोंदी करायची वही. धाकटीला एकदम पायातले मोजे ओले झाल्यासारखं वाटलं. ती वही तिच्या उशीच्या अभ्र्यात होती.

"मला काळजी वाटली म्हणून," तो म्हणाला. "रागावू नकोस. ती रोज लिहिते, ताई. वेळ घालून."

"छान," धाकटी म्हणाली. "कपाटावर ठेवलीस ते बरं केलंस. अभ्रा धुवायला जाणारच होता."

ताई वाचायला लागली, मुलांची उत्तरपत्रिका वाचावी तशी, मोठ्याने.

"मंगळवार. आठ: पूड घेतली. साडेआठ: हात थरथरतात, घाम, मळमळ, छातीत घोडे. अकरा: थोडं शांत. दोन: बरी. मुंगीशी खेळले. चार: डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, मान वळवली की जास्त. पाच: भीती. सात: कारण नसताना रडू. नऊ: झोपले." तिने पान उलटलं. "बुधवार. आठ: पूड घेतली. साडेआठ: हात थरथरतात... हे बघा, आबा. कारणाचा रकाना आखलाय आणि सगळा कोरा. जिला कारण माहीत नाही, तिच्यावर तीन वर्षांचं मूल..."

"पुन्हा वाच," आबा म्हणाले.

"कुठलं?"

"वारांची नावं सोड. फक्त वेळा वाच. सगळ्या दिवसांच्या."

ताईने भुवया उंचावल्या, पण वाचलं. आठ, साडेआठ, अकरा, दोन, चार, पाच, सात, नऊ. आठ, साडेआठ, अकरा, दोन, चार, पाच, सात, नऊ. थोरली चहा ओतता ओतता थांबली. सहाव्या दिवशी ताईचाच आवाज जरा हळू झाला.

आबांनी हात पुढे केला. वही घेतली, खिशातून भिंग काढलं. वास्तविक अक्षर चांगलं ठळक होतं. बोट रकान्यावरून खाली नेत ते पान पान वाचत गेले. असे वाचायला लागले की त्यांच्याशी बोलायचं नसे. माईसुद्धा बोलत नसत.

"वेडा काटा," ते अखेर म्हणाले, "आज पाच ग्रॅम जास्त दाखवतो, उद्या बारा कमी, परवा बरोबर. त्याच्या चुकीला शिस्त नसते. रोज त्याच जागी तेवढीच चूक दाखवणारा काटा वेडा नसतो. तो बरोबर सांगत असतो. आपणच पारड्यात काहीतरी चुकीचं ठेवत असतो."

"आबा, ही माणूस आहे," ताई म्हणाली.

"म्हणून तर. काट्यापेक्षा जास्त विश्वास ठेवायला हवा होता." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पारड्यात आठ वाजता काय पडतं?"

सगळ्यांना ठाऊक होतं. रोज सकाळी पावणेआठला घरात एक आवाज होई, दगडावर दगड, न चुकता चार मिनिटं. हॉस्पिटलच्या कागदात लिहिलं होतं की पहिले आठ आठवडे सर्व गोळ्या कुटून, पूड करून घ्याव्यात, आणि ते काम आबांनी कुणाला करू दिलं नव्हतं. काळ्या दगडाचा तो छोटा खल माईंचा. शेवटच्या दोन वर्षांत माईंना गिळता येत नव्हतं तेव्हा त्यांच्या गोळ्या आबांनी त्यातच कुटल्या होत्या, आणि डॉक्टरांनी सहा महिने सांगितले असताना माई दोन वर्षं राहिल्या. त्यामुळे त्या खलाबद्दल शंका घेणं या घरात शक्यच नव्हतं. आबा धाकटीच्या जीवनसत्त्वांच्या, कॅल्शियमच्या गोळ्यांची आणि त्या एका गोळीची वेगवेगळी पूड करत, मलमलीतून गाळत, सोनारी काट्यावर तोलून पाहत की खलाला काही चिकटून राहिलं नाही ना, आणि चमचाभर दह्यात कालवून तिच्यापुढे ठेवत. मग ती गिळेपर्यंत उभे राहत. सत्तेचाळीस दिवस.

"कागदात तसंच लिहिलंय," धाकटा म्हणाला. "सर्व गोळ्या."

कागद स्वयंपाकघराच्या दारावर होता, काचेच्या चौकटीत. तपासणीचं प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं दर्शनी भागात लावायचं हा दुकानाचा नियम, आणि आबांनी हॉस्पिटलचा कागद घरी आला त्याच दिवशी त्याला चौकट करून घातली होती. चौथ्या ओळीखाली लाल रेघही मारली होती.

थोरली दारापाशी गेली आणि कागदाकडे बघत राहिली. सात आठवडे ती त्याच्या खालून सुपाची पातेली नेत होती.

"आबा," ती म्हणाली, "आपण प्रमाणपत्राच्या मागे लिहितो ना? काट्याचा काही दोष असला तर? पुढे शिक्का आणि मागे शेरा."

आबा उठले. वयाच्या मानाने भलतेच चटकन उठले. चौकट उतरवून त्यांनी टेबलावर पालथी घातली, चार खिळे काढले, पुठ्ठा बाजूला केला. कागदाच्या मागे निळ्या पेनाने, घाईच्या अक्षरात पाच ओळी होत्या. भिंग शेजारीच पडलं होतं, पण त्यांनी कागद धाकटीपुढे सरकवला.

तिने वाचलं. "मनाच्या आजाराची गोळी कुटू नये. ती दिवसभर हळूहळू सुटणारी आहे. कुटल्यास सगळं औषध एकदम सुटतं, नंतर अंगात उरत नाही. नव्या पोटात ती नीट मुरेलच असंही नाही. दहा दिवसांच्या आत आपल्या मानसोपचार डॉक्टरांना भेटून प्रकार बदलून घ्यावा. औषध विभाग."

टेबलाखाली एक बटण घरंगळलं.

"मला कागद दिला तेव्हा त्या बाई काहीतरी सांगत होत्या," धाकटा म्हणाला. "मी गाडी बघत होतो. गाडी उलटी लावली होती."

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. नंतर बोलू, असं ते पाहणं होतं. मग तिने फोन उचलला. औषधाच्या फायलीवर डॉक्टरणीचा अडीअडचणीचा नंबर होता. दोन वर्षांत तिने तो एकदाही लावला नव्हता, कारण अडचण पुरेशी मोठी आहे याची तिला कधीच खात्री वाटली नाही. तिने आवाज मोठा करून फोन बिस्किटांच्या बशीला टेकवला आणि सगळं सांगितलं. तारखा आपणच पुढे ढकलल्या हेही सांगितलं.

"कोण कुटतंय?" डॉक्टरीण म्हणाली.

"माझे सासरे."

"किती दिवस?"

"एकोणपन्नास."

"सत्तेचाळीस," आबा फोनकडे वाकून म्हणाले. "पहिले दोन दिवस ती हॉस्पिटलात होती. पूड वस्त्रगाळ असते. वजनात दोन मिलिग्रॅमच्या वर फरक नाही."

"वस्त्रगाळ," डॉक्टरीण म्हणाली. "बरं. म्हणजे सकाळी सगळं औषध एकदम, आणि दुपारनंतर जवळजवळ काहीच नाही. रोज एकदा जास्त झाल्यासारखं आणि रोज एकदा बंद केल्यासारखं. सत्तेचाळीस वेळा. तुम्ही कामं करत होतात?"

"भाज्या निवडत होते," धाकटी म्हणाली. "थोडं शिवण."

"जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं?"

खोलीतले सगळे चहाकडे बघायला लागले.

"नाही. फक्त भीती."

"आलं तर लगेच याच नंबरवर, किंवा सरळ हॉस्पिटलात. लाजायचं नाही. उद्या सकाळी नऊला या, गोळी न घेता. मी दुसऱ्या प्रकारची देते, दोनदा घ्यायची. ती कुटली तरी चालते. मनाने काही बंद करायचं नाही, मनाने काही वाढवायचं नाही. आज संध्याकाळी झटके येतील, एकटं राहू नका."

"एक प्रश्न," ताई म्हणाली. तिने हात वर केला होता आणि तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. "मी नणंद. लहान मुलीला तोपर्यंत दुसरीकडे ठेवावं का?"

"मुलीने काय केलंय?" डॉक्टरीण म्हणाली. "जिन्यात कुणीतरी सोबत ठेवा. बस."

फोन बंद झाला. थोरलीने गार झालेले कप गोळा केले आणि धाकटीच्या मागून जाताना तिच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. "उद्या मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "तसंही मला त्या सुपापासून एक दिवस सुट्टी हवीय."

आबा खाली दुकानात गेले होते. परत आले तेव्हा हातात तांब्याची तार, शिशाची एक गोल टिकली आणि पकड होती. सदोष माप सापडलं की ते पुन्हा कुणाच्या वापरात येऊ नये म्हणून तार बांधून शिक्का मारायचा असतो. त्यांनी माईंचा खल पुढ्यात घेतला, बत्ता आत ठेवला, दोन्हींभोवती तार दोनदा फिरवली, पीळ दिला, टिकली ओवली आणि पकडीने दाबली. टक् असा आवाज झाला. सबंध आयुष्यात त्यांनी हा आवाज दुसऱ्यांच्या वस्तूंवर केला होता.

"आबा, असू दे," धाकटी म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठीच..."

"म्हणूनच कुणी तपासलं नाही," आबा म्हणाले. त्यांनी लाल वही ओढली, पेन काढलं आणि कारणाच्या कोऱ्या रकान्यात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एक उभी रेघ मारली. रेघेच्या बाजूला लिहिलं: 'दोष मापात. काटा बरोबर आहे.' खाली सही केली, तारीख घातली आणि सवयीने शाईवर फुंकर मारली.

मग ते खल घेऊन आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. कुणी मागे गेलं नाही.

ताई निघाली तेव्हा पाचला दहा कमी होते. निळी पिशवी तिने चौघडी करून काखेत धरली होती. धाकटीने मुंगीला टाटा करायला जिन्यात आणलं. धाकटा मागून धावत आला, तर ती म्हणाली, "तू कप धू. मला ताईंना सोडायचंय."

सातव्या पायरीवर डोक्यात वीज चमकली. कठडा पांढरा झाला, मग पुन्हा लाकडी. धाकटी खाली बसली. मुंगी लगेच शेजारी बसली. तिला हा खेळ माहीत होता.

ताई दाराशी पोहोचली होती. तिने मागे वळून पाहिलं, घड्याळात पाहिलं. मग ती परत वर आली, त्यांच्या खालच्या पायरीवर पिशवी टाकली आणि तिच्यावर बसली, पाठ दोघींकडे करून.

"किती वेळ चालतं हे?"

"कालपर्यंत तासभर. कधी जास्त. वहीत आहे."

"बसते," ताई म्हणाली.

खालून रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. धाकटीच्या छातीत भीती आली, रोजची, वेळेवर. फक्त आज ती कुठून आली हे माहीत होतं. तिने मुंगीच्या कमरेभोवती हात घातला आणि मुंगीने तो राहू दिला.

बऱ्याच वेळाने ताई, मागे न बघता, म्हणाली, "आत्याकडे जिना नव्हता. मी फाटकात बसायचे. चारला. रोज."

मुंगी उठली, एक पायरी खाली उतरली आणि ताईच्या मांडीवर जाऊन बसली. ताईचे हात जरा वेळ हवेतच राहिले. मग तिने ते, वजन किती आहे याचा अंदाज घ्यावा तसे, हळूच तिच्याभोवती टेकवले.